मौजेलाही मात्रा असते

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत ठरू लागले की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. खोपोलीच्या इमॅजिकाला एक दिवस पुरेल की मुक्काम करावा? परदेशातल्या डिस्नेलँडसाठी किती दिवस ठेवावेत? तिकीट, हॉटेल, रजा आणि विमानभाडे यांची बेरीज होते, पण ती सहल ज्या शरीरांना पेलायची आहे त्यांचा विचार होत नाही. ‘एवढे पैसे भरलेत, तर सगळे बघूनच निघू’ या हट्टापायी पुष्कळदा मुले तापाने फणफणतात आणि आजी-आजोबांचे पाय सुजतात.

अशा उद्यानातला एक दिवस म्हणजे आठ-दहा तास उभे राहणे, रांगा, कित्येक किलोमीटर चालणे, ऊन आणि अवेळी खाणे. घाम वाळला तरच शरीर थंड होते. हवा दमट असली की घाम नुसता ओघळतो आणि आतली उष्णता आतच राहते. नव्या उष्ण हवेला सरावायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. सहल तेवढी मोठी नसते, त्यामुळे पहिले दोन दिवस सर्वांत जपण्याचे. वयस्कर माणसांना तहान कमी जाणवते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेले बरे.

मुलांचे गणित झोपेवर चालते. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. रात्रीची आतषबाजी पाहून अकराला झोपलेले मूल सकाळी सहाला उठवले, तर दुसऱ्या दिवशी दुपारी ते रांगेतच रडू लागते. तो हट्ट नसतो, थकवा असतो. पाच वर्षांखालच्या मुलासाठी सलग दोन दिवस उद्यान नको; मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा.

इमॅजिकाच्या बाबतीत खरा प्रश्न उद्यानात किती वेळ घालवायचा, हा नसून परत कधी निघायचे, हा आहे. नाशिक किंवा कोल्हापूरहून पहाटे पाचला उठून निघालेले कुटुंब रात्री दहाला परतीच्या वाटेवर असते. तोवर गाडी चालवणारा १७ तास जागा असतो. सलग १७ तास जागरण झाले की माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. आपल्या कायद्यात वाहनचालकासाठी ही मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे एक घोटही न घेता चालक ती ओलांडून बसलेला असतो आणि मागच्या सीटवर मुले झोपलेली असतात. दूरहून येणाऱ्यांनी म्हणूनच तिथे किंवा वाटेत मुक्काम करावा. थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही करायचे असतील, तर ते दोन दिवसांत वाटावेत.

परदेशी सहलीत घड्याळाचाही प्रश्न येतो. हाँगकाँग आपल्यापुढे अडीच तास आहे. तेवढा फरक शरीर सहज पचवते. १९७१ साली सुरू झालेले ऑरलँडोजवळचे डिस्ने वर्ल्ड मात्र उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असते. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकते. पश्चिमेकडे जाताना थोडे लवकर, पूर्वेकडे परतताना सावकाश. न्यू जर्सीतल्या लेकीकडे महिनाभर राहून तिथे जाणाऱ्यांना ही अडचण नाही, दोन्हीकडची वेळ एकच.

डिस्ने वर्ल्डमध्ये चार मोठी उद्याने आहेत. भारतातून जाणाऱ्यांनी प्रवासाचे दोन, रुळण्याचे दोन, उद्यानांचे चार आणि मध्ये विश्रांतीचे दोन असे दहा दिवस धरावेत. परतल्यावर शाळा-कचेरीआधी दोन दिवस घरी राहावे, म्हणजे रजा बारा दिवसांची. रजा आठच दिवस मिळत असेल तर उद्याने दोनच करावीत. रुळण्याच्या आणि घरच्या दिवसांना कात्री लावू नये.

सुट्टी लांबली म्हणजे आनंदही लांबतो का? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सरासरी २३ दिवसांच्या सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांची पाहणी केली. त्यांचे स्वास्थ्य झपाट्याने सुधारले, आठव्या दिवसाच्या सुमारास शिखरावर पोहोचले आणि कामावर परतल्यावर आठवड्याभरात मूळ पदावर आले. तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात, परतल्यानंतरही अधिक आनंदी राहिले ते फक्त अतिशय निवांत सुट्टी घालवलेले लोक.

आठवणीलाही दिवस मोजता येत नाहीत. १९९३ साली डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंशांच्या थंड पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, शिवाय आणखी ३० सेकंद. त्यांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत कोमट केले. पुन्हा कोणता अनुभव घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, पण शेवट जरा सुसह्य असलेला अनुभव निवडला. मनात राहतो तो सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट. शेवटच्या दिवशी सगळे उरकण्याची घाई केली, तर मुलांच्या आठवणीत ती घाईच राहते.

ठरवलेले दिवस दगडावरची रेघ नसावेत. लघवी कमी आणि गडद होणे, डोके दुखणे, चक्कर, मळमळ, जेवण नाकारणे यांपैकी काही दिसले की सावलीत बसावे, ओआरएस घ्यावे आणि त्या दिवसापुरते थांबावे. अंग तापलेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा; अंगावर पाणी ओतत, वारा घालत त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. बाकी वेळी एखादी राइड राहून गेली तरी काही बिघडत नाही.