लॅपटॉपच्या पडद्यामागचे कारभारी

वॉलपेपर ताणला गेला, कापला गेला, अंधूक झाला किंवा साफ काळा पडला, तर यंत्र ‘फॉरमॅट’ करण्यापूर्वी शोध कोणत्या क्रमाने घ्यावा?

जळगावहून साठेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या लेण्यांसमोरील कड्यावर व्ह्यू पॉइंटपाशी उभे राहून, जिचे पाणी पुढे जळगाव शहराला पुरवले जाते त्या वाघूर नदीने डोंगरात कोरलेले नालाकृती वळण पावसाळ्याच्या अखेरीस ज्याने मोबाइलमध्ये टिपले आहे, त्याला ते दृश्य घरी आल्यावर लॅपटॉपच्या पडद्यावर सदैव दिसत राहावे असे वाटणे अत्यंत स्वाभाविक आहे. आणि ते चित्र लावताच लेण्यांची रांग आडवी फुगलेली, वरचे आकाश नाहीसे झालेले, किंवा सर्व देखावा लोपून त्या जागी निव्वळ काळोख पसरलेला आढळला, तर त्याचा होणारा विरसही तितकाच स्वाभाविक आहे. अशा वेळी ‘विंडोज करप्ट झाली, फॉरमॅट मारावे लागेल’ हा सल्ला फार सहज दिला जातो आणि त्याहून सहज मानला जातो. परंतु ज्या डेस्कटॉपचे चित्र गेले म्हणून आपण यंत्र दुसऱ्याच्या हवाली करतो, त्याच डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली बहुधा ‘सी’ ड्राइव्हमध्ये असतात, आणि विंडोज नव्याने टाकताना पुसला जातो तो ‘सी’ ड्राइव्हच. विद्यार्थ्याचा प्रकल्प, शेतकऱ्याने स्कॅन करून ठेवलेला सातबारा, दुकानदाराचा वर्षाचा हिशेब हे सारे एका चित्रापायी गमावले जावे, ही गोष्ट मनाला लागणारी आहे, आणि ती टाळता येण्याजोगी असल्यामुळे अधिकच लागणारी आहे.

पार्श्वचित्राच्या बहुतेक तक्रारींत यंत्राचा कोणताही भाग निकामी झालेला नसतो. पडद्यावर काय दिसावे, किती दिसावे आणि केव्हा दिसू नये, याविषयीचे अनेक हुकूम यंत्राच्या दप्तरी आधीपासूनच दाखल असतात. त्यांतले काही आपण दिलेले व विसरलेले, काही कारखान्यातून आलेले, काही आपल्या कचेरीने लागू केलेले. त्यांपैकी कोणता हुकूम प्रस्तुत प्रसंगी अमलात आला, हे हुडकून काढणे म्हणजेच या बाबतीतली दुरुस्ती होय.

मापाचा मामला

सर्वांत मोठा घोटाळा मापाचा. आजच्या बहुतेक लॅपटॉपांच्या पडद्याची रुंदी व उंची १६:९ या प्रमाणात असते, १९२० × १०८० आणि १३६६ × ७६८ ही त्याची नित्य परिचयाची मापे. उलट मोबाइलच्या कॅमेऱ्याने सहजगत्या काढलेले छायाचित्र ४:३ या प्रमाणाचे असते. या दोहोंचा मेळ जसाच्या तसा बसणे गणिताच्या दृष्टीनेच अशक्य आहे. म्हणून विंडोजने ‘पर्सनलायझेशन’मधील ‘बॅकग्राउंड’ या पानावर काही तोडगे ठेवले आहेत, आणि त्यांपैकी कोणता निवडला गेला आहे यावर चित्राचे भवितव्य ठरते.

समजा, अजिंठ्याचे ते चित्र ४००० × ३००० ठिपक्यांचे आहे आणि पडदा १९२० × १०८० चा. ‘फिल’ हा पर्याय निवडल्यास चित्र प्रमाण राखून १९२० × १४४० इतके केले जाते, पडदा काठोकाठ भरतो, परंतु उंचीतले ३६० ठिपके म्हणजे चित्राचा एक चतुर्थांश भाग चौकटीबाहेर जातो. आकाश गेले ते येथे. ‘फिट’ निवडल्यास चित्र १४४० × १०८० होते, संपूर्ण दिसते, परंतु दोन्ही बाजूंना २४० ठिपक्यांच्या रिकाम्या पट्ट्या राहतात. ‘स्ट्रेच’ निवडल्यास काही कापले जात नाही आणि काही रिकामेही राहत नाही, मात्र प्रत्येक वस्तू आपल्या खऱ्या प्रमाणापेक्षा एक तृतीयांशाने अधिक रुंद दिसते. लेणी फुगली ती येथे, आणि लग्नाच्या छायाचित्रातली नवरा-नवरी स्थूल भासतात तीही येथेच. ‘सेंटर’ने चित्र मूळ आकारात मध्यभागी बसते, ‘टाइल’ने ते फरशीसारखे पुन्हा पुन्हा मांडले जाते, आणि ‘स्पॅन’ हा एकाहून अधिक पडदे जोडलेल्यांसाठी आहे. मोबाइल उभा धरून काढलेल्या चित्राची गत तर याहून बिकट होते, कारण ‘फिल’ केल्यावर त्याच्या उंचीपैकी निम्म्याहूनही कमी भाग पडद्यावर उरतो.

‘स्ट्रेच’सारखा विरूप करणारा पर्याय मुळात ठेवलाच का, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये ‘सेंटर’, ‘टाइल’ आणि ‘स्ट्रेच’ एवढेच तीन पर्याय होते. चार्ल्स ओ’रीअर या छायाचित्रकाराने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात टिपलेली ती हिरवी टेकडी आणि निळे आकाश एक्सपीच्या द्वारे घरोघरी पोहोचले, त्या काळी पडदे सामान्यतः ४:३ चे होते आणि चित्रेही बव्हंशी त्याच प्रमाणाची, त्यामुळे ताणूनही आकृती बिघडत नसे. पुढे पडदे रुंदावले, चित्रांचे प्रमाण मात्र तेच राहिले, आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये ‘फिल’ व ‘फिट’ यांची भर घालावी लागली. एका काळी निर्दोष असलेला हुकूम परिस्थिती पालटल्यावर दोषास्पद ठरतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

या मापाच्या प्रश्नावर खरा इलाज कोणता, हे खानदेशाला कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळील आपल्या घरातून वर्षानुवर्षे जवळजवळ बाहेर न पडता ज्यांनी छायाचित्रकलेची साधना केली, ते कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) टेबल-टॉप छायाचित्रणासाठी विख्यात आहेत. टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून विस्तीर्ण देखाव्याचा प्रत्यय आणून देणाऱ्या या प्रकारात चौकटीच्या आत काय राहावे आणि बाहेर काय जावे, हा निर्णय म्हणजेच निम्मी कला असते, कारण चौकट बोटभर सरकली की टेबलाची कड उघडी पडते आणि सारा आभास मोडतो. चित्राचा काही भाग कापला जाणे अटळ असेल, तर तो कोठून कापावा हे चित्र काढणाऱ्यानेच ठरवावे. विंडोजच्या ‘फोटोज’मध्ये चित्र उघडून ‘क्रॉप’मधून १६:९ हे प्रमाण निवडावे, चौकट सरकवून आकाश ठेवायचे की पायथा याचा निवाडा करावा, त्याची निराळी प्रत जतन करावी आणि ती वॉलपेपर म्हणून लावावी. मग ‘फिल’, ‘फिट’ आणि ‘स्ट्रेच’ हे तिन्ही पर्याय एकच फळ देतात.

नकलेची नक्कल

माप जुळूनही चित्र धूसर दिसत असेल, तर ते कोणत्या वाटेने आले याची चौकशी करावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र वाटेतच आकाराने आणि तपशिलाने आकसते. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर ही तूट जाणवत नाही, लॅपटॉपवर मात्र ती उघडी पडते. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले किंवा केबलने उतरवून घेतले, तर मूळ प्रत मिळते.

त्यानंतर विंडोज आणखी एक नक्कल करते. आपण निवडलेल्या चित्राची एक प्रत ती ‘थीम्स’ नावाच्या फोल्डरात ‘ट्रान्सकोडेडवॉलपेपर’ या नावाने करून ठेवते, पडद्यावर दिसते ती ही प्रत, आणि मूळ चित्र जेपीजी असल्यास तिची गुणवत्ता सहसा ८५ टक्क्यांवर आणलेली असते. ही प्रत अर्धवट लिहिली गेली किंवा खराब झाली, तर नवे चित्र निवडूनही जुनेच दिसत राहते अथवा काहीच दिसत नाही. रन पेटीत टक्केवारीच्या दोन चिन्हांमध्ये ‘अ‍ॅपडेटा’ हा शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबावे, तेथून ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’ आणि ‘थीम्स’ या क्रमाने आत जावे, त्या प्रतीचे नाव बदलावे आणि चित्र पुन्हा निवडावे, म्हणजे विंडोज नवी प्रत तयार करते. नाव बदलल्याने मूळ छायाचित्राला काहीही इजा पोहोचत नाही.

क्वचित चित्राची घडणच यंत्राला उमगत नाही. २०१७ पासूनच्या आयफोनमधून येणारी ‘एचईआयसी’ प्रकारची छायाचित्रे वाचण्यासाठी विंडोजला निराळी जोड द्यावी लागते. ती नसल्यास चित्र जेपीजीमध्ये बदलून घ्यावे. २०२० मध्ये तर अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या सेंट मेरी सरोवराचे एक रमणीय छायाचित्र वॉलपेपर म्हणून लावताच अँड्रॉइडचे कित्येक फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले होते. त्या चित्रात नेहमीच्या रंगपद्धतीऐवजी अधिक विस्तृत रंगपद्धती वापरलेली होती, आणि तेजस्वितेचा हिशेब करताना एका ठिपक्याचे मूल्य २५५ या कमाल मर्यादेपलीकडे गेल्याने फोनचा कारभार कोसळत होता. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना त्या चित्रात काहीही वावगे दिसण्याजोगे नव्हते.

काळ्या पडद्याची कैफियत

चित्र अजिबात न दिसणे ही तक्रार सर्वांत अधिक घाबरवणारी. परंतु तिचीही कारणे बहुधा हुकमांतच असतात. अधू दृष्टीच्या व्यक्तींसाठी असलेली ‘हाय कॉन्ट्रास्ट’ व्यवस्था सुरू झाली की पार्श्वचित्र काढून घेतले जाते, आणि डावीकडील ऑल्ट, डावीकडील शिफ्ट व प्रिंट स्क्रीन या तीन कळा एकत्र दाबल्या गेल्यास ती सुरू करण्याविषयी विचारणा होते; घरातल्या लहान मुलाच्या हातून हे सहज घडते. विंडोज १० मध्ये ‘ईझ ऑफ अ‍ॅक्सेस’खाली पार्श्वचित्र दाखवावे की नाही याचा निराळा खटकाही आहे.

अनेक चित्रे आळीपाळीने दाखवणारा ‘स्लाइड शो’ लावला असेल, तर वीज गेल्यावर तो सहसा थांबतो, कारण बॅटरीवर असताना तो चालू ठेवण्याची परवानगी मुद्दाम द्यावी लागते. रावेर-यावलच्या शिवारात भारनियमनाच्या वेळी चित्र बदलेनासे झाले, तर तो दोष समजू नये. ज्या फोल्डरातून ती चित्रे येत असत तो पेन ड्राइव्हवर असेल आणि पेन ड्राइव्ह काढलेला असेल, तरीही खेळ बंद पडतो. हिशेबाच्या प्रोग्रामची अडचण सोडवण्यासाठी कोणी दुरून जोडणी करून यंत्र हाताळले असेल, तर अशा जोडणीत वेग राखण्यासाठी चित्र तात्पुरते उतरवले जाते आणि जोडणी मध्येच तुटल्यास ते परत चढत नाही.

परवान्याचा प्रश्न याहून गंभीर. विंडोजची नोंदणी झालेली नसेल, तर पार्श्वचित्राचे पान गोठलेले दिसते आणि कोपऱ्यात नोंदणीची आठवण देणारी अक्षरे उमटतात. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विनापरवाना एक्सपी चालवणाऱ्यांचा पडदा दर साठ मिनिटांनी काळा करण्याचा उपाय योजला, तेव्हा चीनमध्ये त्यावर मोठा गदारोळ उठला होता. या स्थितीत ‘क्रॅक’ शोधत हिंडण्यापेक्षा परवाना घेणे श्रेयस्कर, कारण तशा फुकटच्या किल्ल्यांबरोबर येणारे उपद्रवी प्रोग्राम चित्राहून पुष्कळ मोलाच्या गोष्टी घेऊन जातात. ‘काही सेटिंग्ज आपल्या संस्थेकडून नियंत्रित केल्या जातात’ अशा अर्थाचा मजकूर दिसला, तर तो कचेरीच्या कारभाऱ्याचा अधिकृत हुकूम समजावा आणि त्यांच्याकडेच अर्ज करावा.

प्रत्यक्ष विंडोजचाच दोष असल्याचेही दाखले आहेत. १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ चा आधार संपला, आणि त्याच दिवशी आलेल्या अखेरच्या अपडेटनंतर ‘स्ट्रेच’ने लावलेली चित्रे काळी पडू लागली, मुदत संपूनही मायक्रोसॉफ्टला पुढे त्याची दुरुस्ती सर्वांना मोफत द्यावी लागली. तोवर ‘स्ट्रेच’ऐवजी ‘फिल’ निवडले की चित्र दिसत असे. एवढ्या साध्या उपायाने सुटणाऱ्या प्रश्नासाठी ज्यांनी त्या काळात यंत्र पुसून घेतले असेल, त्यांचे नुकसान अकारण झाले.

शोधाचा क्रम

प्रथम पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो मोबाइलवर पाहावा. पडद्यावर दिसणाऱ्या रेघा किंवा डाग त्या स्क्रीनशॉटमध्ये नसतील, तर दोष काचेचा अथवा केबलचा आहे आणि सेटिंग्जमध्ये वेळ दवडण्यात अर्थ नाही. तेथेही ते दिसत असतील, तर मामला सॉफ्टवेअरचा. नंतर विंडोजबरोबर आलेले एखादे चित्र लावून बघावे. ते नीट दिसले तर खोट आपल्या चित्रात किंवा त्याच्या मापात आहे. तेही न दिसल्यास कॉन्ट्रास्ट, बॅटरी, दूरस्थ जोडणी आणि परवाना यांची याच क्रमाने तपासणी करावी. चिन्हे व टास्कबारही नाहीशी होऊन केवळ बाण हलत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ‘विंडोज एक्सप्लोरर’ पुन्हा सुरू करावा. त्यानेही काम न झाल्यास ‘ट्रान्सकोडेडवॉलपेपर’चे नाव वर सांगितल्याप्रमाणे बदलून चित्र पुन्हा निवडावे आणि यंत्रावर दुसरे खाते उघडून पाहावे, नव्या खात्यात चित्र ठीक दिसले, तर विंडोज शाबूत असून बिघाड आपल्या खात्यापुरता मर्यादित आहे.

इतक्या तपासणीनंतरही कारण हाती लागले नाही, तर डेस्कटॉपवरील फायली बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घेऊन मगच यंत्र कारागिराकडे न्यावे. जळगावचे गोलाणी मार्केट असो वा धुळ्याचा आग्रा रोड, जाणती माणसे आपल्या भागात आहेत. आपण काय काय तपासले ते त्यांना क्रमवार सांगावे, आणि काय बिघडले होते व ते कशाने दुरुस्त झाले हे त्यांच्याकडून समजून घ्यावे. जो कारण सांगू शकतो त्याचा मोबदला विनातक्रार द्यावा. आणि जो कारण न सांगता फॉरमॅटची भाषा करतो, त्याच्या हाती यंत्र देण्यापूर्वी आणखी एका जाणत्याचे मत घ्यावे.