तान्ह्या बाळाची झोप : स्वाभाविक कोणती, धोक्याची कोणती?

घरात नवे मूल आले की पहिले काही आठवडे त्या घराचे दिवस-रात्रीचे गणितच बदलते. बाळ दिवसा निजते आणि रात्री जागते. घटकाभर डोळे उघडते, दूध पिते आणि पुन्हा झोपी जाते. एका घरी ‘बाळ फार झोपते’ ही काळजी, तर दुसऱ्या घरी ‘बाळ मुळीच झोपत नाही’ ही तक्रार. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा हा मुख्यतः शेतीवर जगणारा जिल्हा आहे. सोयाबीनच्या किंवा हळदीच्या काढणीच्या दिवसांत घरातील धडधाकट माणसे शिवारात असतात आणि बाळंतिणीजवळ बहुधा एखादी वडीलधारी स्त्रीच उरते. अशा वेळी बाळ शांत निजले की सर्वांनाच हायसे वाटते. तथापि प्रत्येक शांत झोप ही आरोग्याची खूण असतेच असे नाही. स्वाभाविक झोप आणि आजारातील गुंगी यांतील भेद वेळीच ओळखण्यावर पुष्कळदा बाळाचे प्राण अवलंबून असतात.

तुकड्यातुकड्यांची झोप

निरोगी नवजात बालक चोवीस तासांपैकी साधारणतः १४ ते १७ तास झोपते. परंतु ही झोप सलग नसते. दोन ते चार तासांच्या तुकड्यांत ती दिवसभर आणि रात्रभर विखुरलेली असते. याची कारणे दोन. बाळाचे जठर लहान असते व आईचे दूध लवकर पचते. त्यामुळे चोवीस तासांत ८ ते १२ वेळा त्याला अंगावर घ्यावे लागते. दुसरे कारण मेंदूतील आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात अंधार पडल्यावर ‘मेलॅटोनिन’ नावाचे संप्रेरक स्रवू लागते आणि झोपेची वेळ ठरते. गर्भावस्थेत हे संप्रेरक आईकडून वारेतून बाळाला मिळत असते. जन्मानंतर तो पुरवठा थांबतो आणि बाळाचा स्वतःचा दिवस-रात्रीचा ताल बसण्यास सुमारे दोन ते तीन महिने लागतात. रात्री जागणारे बाळ हट्टी नसते, की त्याला दृष्टही लागलेली नसते. त्याच्यासाठी रात्र अजून उगवलेलीच नसते.

हा ताल बसण्यास घरातील माणसे साहाय्य करू शकतात. बाळंतिणीची खोली दिवसाही बंद व काळोखी ठेवण्याऐवजी थेट वारा न लागेल अशा बेताने उजेड आत येऊ द्यावा. रात्री मात्र दिवा मंद असावा आणि दूध पाजून झाल्यावर बाळाला खेळवू नये.

सटवाईचे हसू

बाळ झोपेत हसले की सटवाई हसवते, ओठ काढून मुसमुसले की सटवाई रडवते, असे आपल्याकडे म्हणतात. या हसण्या-रडण्याचा उलगडा शास्त्राने केला आहे. शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की हे प्रथम निजलेल्या बालकांच्या डोळ्यांचे निरीक्षण करीत होते. पुढे त्यांनी व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये, झोपेत बुबुळे वेगाने हलतात अशी एक स्वतंत्र अवस्था असल्याचे प्रसिद्ध केले. नवजात बालकाची जवळजवळ निम्मी झोप याच चंचल प्रकारची असते. तीत पापण्यांखाली बुबुळे फिरतात, हातपाय दचकतात, ओठ हलतात, श्वास कधी जलद तर कधी संथ होतो. हे सारे स्वाभाविक आहे. अशा प्रत्येक हालचालीसरशी बाळाला उचलले तर त्याची झोप विनाकारण मोडते. क्षणभर थांबून पाहावे. पुष्कळदा ते पुन्हा स्वस्थ होते.

जागेपणाच्याही पायऱ्या आहेत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९७३ मध्ये तयार केलेल्या तपासणी-पद्धतीत गाढ झोपेपासून रडण्यापर्यंत सहा अवस्था मानल्या आहेत. त्यांतील शांत जागेपणा ही दूध पाजण्यास सर्वांत अनुकूल वेळ होय. जन्मानंतरच्या पहिल्या तासात बाळ बहुधा असेच सावध असते. म्हणून त्याच तासात स्तनपान सुरू करावयाचे. नंतरच्या दिवसांत तोंड उघडून शोधणे, मूठ चोखणे या भुकेच्या पहिल्या खुणा. रडणे ही शेवटची.

झोप नव्हे, गुंगी

निरोगी बाळ कितीही झोपाळू असले तरी भुकेने जागे होते, जोराने चोखते आणि पहिला आठवडा संपत आला की दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करते. ज्या बाळाला उठवूनही जाग येत नाही, जे पूर्वी नीट पीत होते पण आता पीत नाही, ज्याचे हातपाय सैल पडले आहेत किंवा जे हलवल्याशिवाय हालचाल करीत नाही, ते निजलेले नसून आजारी आहे असे समजावे. मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, झटके, ताप, अंग थंड पडणे, ओठ निळसर होणे किंवा त्वचेचा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट पाहू नये.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. असे बाळ भूक लागूनही थकव्यामुळे उठत नाही. त्याला दोन-तीन तासांनी पांघरूण काढून, तळपाय चोळून जागे करावे व दूध पाजावे. नंतर आईच्या छातीशी उघड्या अंगाने बिलगून ठेवून वरून पांघरूण घालावे, म्हणजे ऊब टिकते. सर्वच बाळांना झोपवताना पाठीवर निजवावे. बाजेखालच्या शेगडीचा धूर श्वासाला बाधक ठरतो.

झोप यावी म्हणून कोणतेही औषध देणे घातक होय. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगार वस्त्यांत, आई कामावर गेल्यावर मूल निजून राहावे म्हणून अफूची ‘बाळागोळी’ देण्याची रीत होती. असे मूल शांत दिसे, पण ते उपाशी व अशक्त राही. आजही अनोळखी घटक असलेली गुटी किंवा झोपेचे औषध बाळाला देऊ नये.

गडचिरोलीचा धडा

या खुणा ओळखण्यास दर वेळी डॉक्टरच हवा असे नाही, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिले. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून नवजात बालकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. त्यानुसार रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी जाते; घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवशीची भेट अधिक असते. आजारी अर्भकाला शासकीय रुग्णालयात विनामूल्य उपचार व वाहन मिळण्याची तरतूद त्याच वर्षीच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. १०२ व १०८ हे दूरध्वनी क्रमांक त्यासाठी आहेत.

ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील प्रत्येक नव्या जन्माची वार्ता आशा कार्यकर्तीपर्यंत त्याच दिवशी पोहोचेल असे पाहावे. माहेरी आलेल्या बाळंतिणीचे नाव सासरच्या गावी असल्यामुळे भेटी चुकण्याचा संभव असतो. तिकडे विशेष लक्ष द्यावे. शिक्षकांनी माता-पालक सभेत व ग्राम आरोग्य समितीने आपल्या बैठकीत या खुणा समजावून सांगाव्यात आणि त्या बैठकीस आजी व सासू यांना अवश्य बोलवावे. काढणीच्या दिवसांत पाळण्याजवळ त्याच असतात. बाळ झोपले आहे की गुंगीत आहे, याचा पहिला निर्णय त्यांनाच करावा लागतो.