लेकरू फार झोपतंय? मग नर्सबाईंना सांगा

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बसलेल्या नर्सबाईंना लशीइतकंच झोपेचं विचारलं जातं. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या चिखली-मेहकरात काय अन् घाटाखालच्या नांदुरा-शेगावात काय, तक्रार एकच: ‘लेकरू रात्रभर जागतं.’

त्यावर बाईंचा उलटा प्रश्न असतो, ‘लघवी किती वेळा करतं?’ दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा होत असेल, तर दूध पुरतंय. पहिल्या तीन महिन्यांत बाळ १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. रात्रीही त्याला भूक लागते. दिवसा उजेडात, माणसांच्या आवाजात ठेवायचं, रात्री मंद दिव्यात पाजायचं आणि खेळवायचं नाही. हळूहळू घडी बसते. झोपवायचं उताणं. दोन वर्षांच्या आत मोबाईल नकोच.

खरी कसोटी आजीसमोर लागते. जायफळ उगाळलेली घुटी दिली की नातू गप्प झोपतो, हा तिचा अनुभव. घाटाखाली मे महिन्याच्या उन्हात ‘घसा कोरडा पडंल’ म्हणून चमचाभर पाणीही जातं. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी त्यातच असतं, हे सांगताना जाणती नर्स आजीला खोडून काढत नाही. ‘मालिश तुमच्याच हातची, आजी, घुटी तेवढी राहू द्या,’ म्हणते. मला हे कौशल्य सुई टोचण्याहून अवघड वाटतं. शेवटी लेकराला गप्प करण्याची गरज आईच्या कामातून येते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत, ती याचसाठी. आज सोयाबीन-कापसाच्या हंगामात निंदायला, वेचायला जाणाऱ्या आईची अडचण फार वेगळी नाही.

आईबाप न झोपणाऱ्या बाळाने घाबरतात. नर्सचं लक्ष मात्र फार झोपणाऱ्याकडे असतं. पाजायला उठवूनही न उठणारं, ओढून न पिणारं, अंग गार किंवा तापलेलं बाळ ‘शांत’ नसतं, आजारी असू शकतं. म्हणून दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, वजन-ताप बघते, श्वास मोजते. विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायांना हे शिकवून नवजात मृत्यू घटवले; १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशांकडे हे काम आलं.

मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास भरले, तर पुन्हा एकदा मोजायचे. तेवढेच आले, तर सकाळची वाट न बघता १०२ ला फोन करायचा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाची सरकारी दवाखान्यातली ने-आण आणि उपचार मोफत आहेत.