आधी पन्हा, मग रंग

मंडळी, आमची भिवंडी मागांची. इथे कापड घेणारा माणूस आधी पन्हा विचारतो, मग रंग बघतो. पन्हा कमी पडला, तर रंग कितीही आवडो, सदरा होत नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पण गाडीचं जुनं दार घ्यायची वेळ आली, तेव्हा मी आधी रंगच पाहिला!

झालं असं, की अंजूरफाट्याजवळ एका टेम्पोनं आमच्या २००८ सालच्या वॅगन-आरचं डावीकडचं पुढचं दार चेपलं. नव्या दाराचा खर्च ऐकून मी कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार गाठला. अगदी आमच्या रंगाचं दार मिळालं. "चाचा, वॅगन-आरचंच आहे, डोळे झाकून न्या," दुकानदार म्हणाला. मी खरोखरच डोळे झाकून नेलं. गॅरेजात ते चौकटीला लागेच ना. दार वॅगन-आरचंच होतं, पण २०१० नंतरच्या.

इथे पहिला धडा. गाडीचं नाव तेच राहतं, अंग बदलतं. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि १९८६ मध्ये तिचा सांगाडाच बदलला. वॅगन-आर १९९९ ची. तिचा सांगाडा २०१० मध्ये बदलला आणि २०१९ मध्ये पुन्हा. स्विफ्टची रूपं २००५, २०११, २०१८ आणि २०२४ अशी चार. मधल्या काळात कंपन्या नुसता चेहराही बदलतात. तेव्हा दारं तीच राहू शकतात, पण बंपर आणि दिवे वेगळे होतात. म्हणून नुसतं नाव आणि साल सांगून भागत नाही. आपला चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट्सच्या काउंटरवर जावं आणि त्यावरून त्या भागाचा पार्ट नंबर काढून घ्यावा. तो जुळला, की निम्मी काळजी मिटली.

उरलेली निम्मी मला दुसऱ्या दारानं शिकवली. ते योग्य सालच्या गाडीचं होतं, बसलंही. चार दिवसांनी बायपासला वळणावर बायको ओरडली, "अहो, दार!" दार बोटभर उघडलं होतं, आणि तिच्या मांडीवर नातू. पट्टा लावलेला होता म्हणून निभावलं. दाराच्या कुलपाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर दार बंद दिसतं, पण पक्कं नसतं. ते दार अपघातातल्या गाडीचं, आतून किंचित पिळलेलं. पुट्टी मारून वरून सरळ केलेलं. कुलूप दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचतच नव्हतं.

म्हणून जुना पत्रा घेताना खिशात लोहचुंबक ठेवावं. जिथे ते नीट धरत नाही, तिथे खाली पुट्टीचा जाड थर असण्याचा संभव असतो. मात्र प्लॅस्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भागाला ही परीक्षा लागू नाही. दाराची खालची कड आणि पाणी निचरायची भोकं पाहावीत. आपल्या कोकणपट्टीच्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो. आपलं जुनं दार सोबत न्यावं आणि दोन्ही शेजारी ठेवून बिजागरीची भोकं, कुलपाची जागा, आरशाची जागा, काचेची यंत्रणा आणि वायरचा जोड ताडून पाहावा. हातानं फिरवायची काच आणि बटणाची काच यांची दारं बाहेरून सारखी दिसतात, आतून नव्हे. काही नव्या गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सरही असतो.

बॉनेट, फेंडर, दार, डिकीचं झाकण हे भाग बोल्टनं बसतात, म्हणून जुने घेण्याजोगे. छत, खांब, मागची बाजू वेल्डिंगची. तिथे गाडीची ताकद असते, जुन्याचा मोह धरू नये. भाग बसवल्यावर रंगाआधी चारही बाजूंची फट सारखी आहे का, ते पाहावं आणि दार वीसदा उघडून मिटावं.

आणि पावती घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा संशयाला जागा असताना घेणं भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. फारच स्वस्त मिळणारा भाग कुणाच्या दारातून उचललेला आहे, हे विचारायला संकोच कसला?

मी कविता लिहितो. दुसऱ्याच्या गझलेतली ओळ आपल्या गझलेत बसवायची, तर नुसता अर्थ जुळून चालत नाही, मात्राही मोजाव्या लागतात. एक मात्रा चुकली, तर कवितेत फार तर ऐकणारा हसेल. गाडीचं दार चुकलं, तर काय होतं, ते मी बायपासवर पाहिलं. आता तिसरं दार आहे. रंग थोडा वेगळा आहे. असू दे.