मोठा नर, कोरी अंडी

पंचगंगेकाठच्या आमच्या वस्तीतील एका वहिनींनी पावसाळ्याआधी बाजारातून पाच बदके आणली. चार गावठी माद्या आणि एक पांढराशुभ्र, थोराड नर. त्याच्या डोक्यावर काळा ठिपका. "हायब्रीड आहे, पिल्ले दणकट होतील," असे सांगून विकणाऱ्याने नराचे दीडपट पैसे घेतले. अंडी चांगली आली. त्यातली दहा खुडूक कोंबडीखाली बसविली. २८ दिवस झाले, तीस उलटले.

"भाऊजी, एक बी पिल्लू न्हाई. अंडी गेली, कोंबडीचा म्हैना गेला," वहिनी सांगत होत्या. घरच्यांनी आधी कोंबडीला बोल लावला, मग वहिनींच्या हाताला. दोष होता नराचा.

गाढव आणि घोडी यांच्यापासून खेचर होते. ते ओझे वाहते, पण त्याचा वंश पुढे चालत नाही. बदकांतही तसेच आहे. आपली गावठी, पेकिन, रनर, खाकी कॅम्पबेल ही सारी मॅलार्ड या एकाच रानबदकाची लेकरे. मस्कोव्ही मात्र निराळ्या जातीचे, मूळ अमेरिका खंडातले. तोंडावर लाल मांसल गाठी, पायाला धारदार नख्या, आणि ओरडण्याऐवजी नुसते फुसकारणे. मस्कोव्ही नर आणि पेकिन मादी यांचा संकर केला की जे होते ते खेचर बदक. वाढ झपाट्याने, मांस भरपूर. तैवानमध्ये मांसासाठी ही बदके मोठ्या प्रमाणावर पाळतात. पण असा नर माद्यांत सोडला तर अंडी कोरीच राहणार. खायला ती उत्तम, उबवायला निरुपयोगी.

म्हणून संकर म्हणजे फसवणूक, असे कोणी समजू नये. अंड्यांसाठी नावाजलेली खाकी कॅम्पबेल संकरातूनच घडली. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायरच्या अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या रनर मादीचा रूआँ जातीच्या नराशी मेळ घातला आणि पुढे त्यात मॅलार्डचे रक्त आणले. सारे एकाच कुळातले, त्यामुळे वंश चालला. चांगली निगा राखली तर ही बदके वर्षाला ३०० च्या घरात अंडी देतात. घरगुती पाळणीत त्याहून कमीच धरावीत. मी कारकून माणूस, जमेची बाजू फुगवून लिहीत नाही. मादी अंड्यांवर सहसा बसत नाही, तेव्हा खुडूक कोंबडी लागतेच. अंडी बहुधा सकाळी नवाच्या आत पडतात. तोवर खुराडे उघडू नये, नाहीतर ती शेजारच्या उसात शोधावी लागतात.

नर घेताना त्याचे आईबाप कोणत्या जातीचे, हे विचारावे. नुसता ठिपका पाहून ठरवू नये. सहा-सात माद्यांना एक नर पुरतो. अंडी बसविल्यावर सातव्या रात्री अंधारात एकेक अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव धरला आहे. स्वच्छ दिसले तर कोरे. वहिनींना हे आधी कोणी सांगितले असते तर कोंबडीचे तीन आठवडे वाचले असते.

दुसरा धोका खाण्याचा. पोहायला तळे नसले तरी चालते. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढे खोल पाण्याचे भांडे पुरे. पण ओलसर शेंगदाणा पेंड किंवा बुरशी आलेला मका पिल्लांना विषच. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने टर्की पक्षी लाखावर मेले, बदकांची पिल्लेही मेली, आणि त्यातूनच बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकाला हे विष कोंबडीपेक्षा फार लवकर बाधते. आपल्याकडच्या पावसात स्वस्त मिळते म्हणून महिन्याची पेंड भरून ठेवू नये. आठवड्यापुरती आणावी आणि जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावी. लसीसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

दिवाळीनंतर वहिनींनी तो पांढरा नर बाजारात नेला. गिऱ्हाइकाने पैदाशीला चालेल का, असे विचारले. "न्हाई चालत, कापायलाच घ्या," वहिनी म्हणाल्या. पैसे कमी आले. त्यात थोडी भर घालून त्यांनी खाकी नर आणला. परवा बॅटरी मागायला आल्या होत्या. दहापैकी सात अंड्यांत शिरा दिसल्या.