वीस मिनिटे आणि दोन रेघा

एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी असे मनात येते, पण ओळखीचे कोणी पाहील या धास्तीने दवाखान्याच्या दारातून पाय मागे फिरतो. ही धास्ती ओळखून अमेरिकेत १९९६ साली घरगुती चाचणी आली. बोटातले रक्त कागदावर टिपून टपालाने पाठवायचे आणि नावाऐवजी सांकेतिक क्रमांक सांगून फोनवर निकाल ऐकायचा. जुलै २०१२ मध्ये ‘ओराक्विक’ या किटला घरगुती वापरासाठी मंजुरी मिळाली आणि निकालही घरातच कळू लागला. ही चाचणी क्रमाने समजून घेऊ.

किटची मुदत आधी पाहावी. चाचणीपूर्वी १५ मिनिटे काही खाऊ-पिऊ नये. दात घासले असतील तर ३० मिनिटे थांबावे. प्रथम द्रवाची नळी उघडून किटमधल्या खाचेत उभी करावी, द्रव सांडू देऊ नये. मग काडी काढावी. तिच्या चपट्या टोकाला बोट लावू नये. ते टोक वरच्या हिरड्यांवरून एकदा आणि खालच्या हिरड्यांवरून एकदा, या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवावे. काडी नळीत ठेवून वेळ लिहून ठेवावी. निकाल २० मिनिटांनी, पण ४० मिनिटांच्या आत वाचावा.

ही काडी विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे हिरड्यांजवळच्या स्रावात उतरतात, ती ही काडी शोधते. द्रव काडीतल्या पट्टीवरून वर चढताना सोन्याचे अतिसूक्ष्म कण या प्रतिपिंडांना चिकटतात. ‘टी’ या खुणेपाशी एचआयव्हीची प्रतिपिंडे अडकली की तिथे तांबूस रेघ उमटते. ‘सी’पाशी कोणाच्याही शरीरात असणारी साधी प्रतिपिंडे अडकून रेघ उमटते, नमुना नीट घेतला गेला, याची ती खूण.

फक्त ‘सी’ची रेघ दिसली तर प्रतिपिंडे आढळली नाहीत. दोन्ही रेघा दिसल्या तर, ‘टी’ची कितीही फिकट असली तरी, पक्की तपासणी करायलाच हवी. ‘सी’ची रेघच नसेल तर चाचणी बाद, नवे किट घ्यावे.

निकालाच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. मंजुरीपूर्वीच्या अभ्यासात लागण झालेल्या साधारण १२ जणांमागे एकाची लागण या चाचणीतून निसटली. लागण नसलेल्या ५,००० जणांमागे एकाला चुकून ‘आहे’ असा निकाल मिळाला. शिवाय प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. त्यामुळे जोखमीच्या प्रसंगाला तीन महिने झाले नसतील, तर ‘नाही’ या निकालावर विसंबू नये, चाचणी पुन्हा करावी. प्रसंग कालपरवाचाच असेल तर किटची वाट न पाहता डॉक्टरांकडे धाव घ्यावी. लागण टाळणारी औषधे ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात.

दोन रेघा आल्या म्हणजे सगळे संपले असे मुळीच नाही. भारतात सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात, समुपदेशन आणि पक्की तपासणी मोफत होते. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा रुग्णाच्या गोपनीयतेला संरक्षण देतो. एआरटीची, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या उपचाराची, औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू न सापडण्याइतका कमी राखला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही.

म्हणून पाकीट फोडण्याआधी एड्स हेल्पलाइनचा १०९७ हा क्रमांक कागदावर लिहून घड्याळाशेजारी ठेवावा. ती वीस मिनिटे लांबतात. तेवढा वेळ तो क्रमांक डोळ्यांसमोर असू द्यावा.