डोंगरकड्यात समुद्र भरायचा तर...

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा नावाचे गाव आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा समुद्र अगदी दाराशी होता. डोंगरकड्यापासून मात्र तो शेकडो किलोमीटर दूर! समजा, तेथील एखाद्या शाळेने काचेच्या पेटीत सागरी जीव पाळायचे ठरवले. पाणी विहिरीचे, मीठ वाण्याकडचे. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवले की झाला समुद्र, असे तुम्ही म्हणाल. पण या पाण्यात सागरी जीव फार काळ टिकणार नाहीत. का बरे?

मीठ म्हणजे समुद्र नव्हे

एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. यालाच त्या पाण्याची क्षारता म्हणतात. त्यात क्लोराइड सुमारे १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८ ग्रॅम, सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.२९ ग्रॅम, कॅल्शियम ०.४१ ग्रॅम आणि पोटॅशियम ०.४० ग्रॅम असते. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या महासागरांतून पाण्याचे नमुने गोळा केले. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने त्यांपैकी ७७ नमुने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्षारता कमीजास्त असली तरी क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखेच असते, असे त्याला आढळले.

मग मिठात काय कमी पडते? उरणच्या मिठागराची आठवण करा. पाणी आटू लागले की प्रथम कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते, मग जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यानंतर मीठ. मॅग्नेशियमचे क्षार मात्र शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. मीठ ओढून घेतल्यावर उरणारे पाणी कडू लागते ते त्यांच्यामुळेच. पावसाळ्यात जाड्या मिठाला पाणी सुटते, तेही त्याला चिकटून आलेल्या थोड्याशा मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. थोडक्यात, कॅल्शियम मिठाच्या आधी गेले आणि मॅग्नेशियम मागे राहिले. मीठ पुन्हा पाण्यात घातले म्हणून समुद्र परत येत नाही! म्हणूनच मत्स्यालयासाठी सर्व घटक योग्य प्रमाणात असलेले तयार क्षारमिश्रण वापरतात.

बांधणारा आणि राखणदार

शिंपले आपले कवच आणि प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात. मालवणजवळच्या समुद्रात असे प्रवाळ आहेत. (दगडी प्रवाळांना कायद्याने संरक्षण आहे. ते तोडून आणणे हा गुन्हा आहे.) या बांधकामाचा हिशोब करून पाहू. १०० किलो समुद्रपाण्यात ४१ ग्रॅम कॅल्शियम असते. पेटीतील जीवांनी १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट बांधले, तर त्यात ४ ग्रॅम कॅल्शियम खर्च होते, म्हणजे एकूण साठ्याचा जवळजवळ दहावा भाग. पण एकूण क्षार ३५०० ग्रॅम असतात. त्यांतून १० ग्रॅम गेल्याने क्षारता ३५ वरून जेमतेम ३४.९ होते. दूध तपासण्याच्या लॅक्टोमीटरचा भाऊ शोभेल असा हायड्रोमीटर आपण पेटीत तरंगत सोडतो. त्याला हा फरक कळतच नाही. तेव्हा क्षारता ठीक आहे म्हणून कॅल्शियमही ठीक असेल, असे समजू नये. ते वेगळे तपासावे लागते.

आता मॅग्नेशियमचे काम पाहा. समुद्राच्या वरच्या थरांतील पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट खरे तर मावेल त्याहून अधिक असते. मग ते खडूसारखे तळाशी का बसत नाही? त्याचा बारीक स्फटिक वाढू लागला की मॅग्नेशियमचे आयन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि वाढ रोखतात. मॅग्नेशियम कमी झाले की हा राखणदारच उठून जातो. मग कितीही कॅल्शियम घाला, ते पंपावर आणि हीटरवर पांढरा थर होऊन बसते.

नुसते खारे पाणी पुरेसे नसते, याचा नैसर्गिक दाखला बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात मिळतो. पाणी खारट, पण अतिशय अल्कधर्मी. तेथे कार्बोनेट इतके मुबलक आहे, की कॅल्शियम साका होऊन तळाशी बसते. प्रवाळाला घर बांधायला तेथे कॅल्शियम उरतच नाही.

भर कशाची घालावी?

पेटीतील पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. १०० किलोंतील १० किलो पाणी उडाले, तर क्षारता ३५ वरून सुमारे ३९ होते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. पण विहिरीचे पाणी चालेल का? मराठवाड्यातील काळ्या पाषाणात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेली खनिजे आहेत. त्यामुळे तेथील विहिरींचे पाणी पुष्कळदा दुष्फेन असते. रोज अशा पाण्याची भर घातली, तर हे दोन्ही घटक पेटीत साचत जाऊन प्रमाण बिघडते. त्यापेक्षा ऊर्ध्वपातित पाणी बरे.

करून पहा

१. एका बाटलीत विहिरीचे आणि दुसरीत पावसाचे पाणी घ्या. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. फेस कोठे कमी येतो?

२. शिक्षकांच्या देखरेखीखाली चुन्याच्या निवळीत खाण्याच्या सोड्याचे द्रावण घाला. पाणी दुधाळ होईल. पेटीत कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा एकाच वेळी, एकाच जागी का घालत नाहीत, ते आता तुमच्या ध्यानात येईल.

एक कोडे

पेटीतील एक किलो पाण्यात मॅग्नेशियम १.१६ ग्रॅम आणि कॅल्शियम ०.३७ ग्रॅम आढळले. दोन्ही कमी! क्षारता मोजली तर ३१.५ भरली. कोणते औषध घालाल?

उत्तर : कोणतेच नाही. ३१.५ म्हणजे ३५ च्या नऊ-दशांश. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही नेमके तेवढेच उतरले आहेत. प्रमाण बिघडलेले नाही, पाणी फक्त पातळ झाले आहे. क्षारमिश्रण घालून क्षारता हळूहळू वाढवली की दोन्ही आपोआप जागेवर येतील. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी क्षारता, मग मॅग्नेशियम आणि शेवटी कॅल्शियम. घाईघाईने औषध ओतण्यापूर्वी एक भागाकार केला, तर पेटीतील जीव वाचतात.